पेवाचा दगड

धामधुमीच्या त्या वर्षी धरपकड चुकवायला माझा नवरा संस्थानाची सरहद्द ओलांडून वऱ्हाडात गेला. जाताना एवढंच बोलला, "पेवाचं कुणाला सांगू नका." गोठ्यात कडब्याखाली आमचं पेव होतं, खोल खड्ड्यात साठवलेली ज्वारी आणि तोंडावर जाडजूड दगड. तो उचलायला दोन गडी लागतात, हे मात्र आमच्या महाराजांच्या ध्यानात आलं नाही.

लेव्हीच्या, म्हणजे सक्तीच्या वसुलीच्या नावाखाली सरकारची माणसं घराघरातून धान्य उचलून नेत होती, त्यामुळे कुणा गड्याला बोलावायची सोय नव्हती. पहार घालावी तर पेवाची कड ढासळून माती ज्वारीत जाणार. सासूचा उजवा हात मोडून आखडलेला. राहता राहिले मी, अंगानं काडी. भरली घागरसुद्धा मला दुसरीनं डोक्यावर द्यावी लागायची. कणगीतली ज्वारी जेमतेम दोन महिने पुरली असती. घरात दोन लेकरं, आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

सासूच्या माहेरी मारुतीपुढं दगडी गोटा उचलायची चढाओढ लागायची. तिचे भाऊ त्यात असत, आणि ती लहानपणी आडून बघायची. तेवढ्या शिदोरीवर तिनं मला शिकवायला घेतलं. आधी भरली घागर, मग जात्याची वरची तळी.

"कमरंत वाकू नको. बूड खाली घे, दगड पोटाशी वढ, मंग मांड्यांच्या जोरावर ऊठ."

पाच वेळा झालं की म्हणायची, "बास. उद्या आराम."

"काहून, आत्याबाई? दिवस चालले ना."

"आज पेरून उद्याच कापून राहिलीस का तू?"

मला कुठला दम! एकदा ती नदीवर गेली तशी मी थेट पेवाच्या दगडाला हात घातला आणि वाकून हिसका दिला. कमरेत लख्खकन कळ गेली. आठ दिवस अंथरुणात. सासू डाव्या हातानं करडईचं तेल चोळायची आणि आपली अर्धी भाकर लेकरांच्या ताटात टाकायची. रागावली असती तर बरं वाटलं असतं. लाजेनं मला तिच्याकडं बघवत नव्हतं.

मग पुन्हा घागरीपासून सुरुवात. घागर, तळी, शेवटी उखळ. कणगीचा तळ दिसू लागला. एका दुपारी गाव रानात असताना मी पेवापुढं बसले, दगड पोटाशी घेतला आणि उठले.  दगड भिंतीला टेकवला नि आत उतरायला निघाले, तर सासूनं पदर धरला. "आतली हवा जीव घेती. सकाळपत्तुर थांब." मी गोठ्यातच येरझाऱ्या घालत राहिले.

दसऱ्याच्या सुमारास नवरा परतला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "लय तकलीफ झाली तुला. आता मी आलो. दगडाला गडी लावू. तू हात लावू नको."

प्रेमानंच बोलला. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट दिवसभर कशातच मन लागेना. भाकरी करपल्या, लेकरांवर विनाकारण खेकसले.

दुसऱ्या दिवशी तो रानात गेल्यावर मी कडबा बाजूला केला, दगड उचलला आणि परत जागच्या जागी ठेवला. ज्वारी काढायची नव्हती.