वस्तादांचे फोन

मालकांनी माझं लायसन उलटसुलट करून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा लायसनकडे. आडगाव नाक्याच्या पुढे त्यांचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस होतं.

"खरं सांगा, तुम्हाला कोणी पाठवलं?"

"कोणी नाही. ड्रायव्हरची नोकरी हवी आहे."

"वकील आहात ना तुम्ही?"

"होतो."

"मग सनद गेली का?"

"गेली नाही. मीच स्थगित करून घेतली. वकिली चालू ठेवून दुसरी नोकरी करता येत नाही."

हे उत्तर खरं होतं, पण नको तितकं सरळ होतं. मालकांचा संशय त्यानेच वाढला. त्यांनी मला दोन दिवसांनी यायला सांगितलं आणि तेवढ्यात आपल्या मुनीमजींना कोर्टात पाठवून माझी चौकशी करवली. हे मला बाररूममधल्या एका मित्राने फोन करून सांगितलं. "तुझं लग्नबिग्न ठरतंय का परत?" तो म्हणाला.

चौकशीत काही वावगं निघालं नाही. तरी मालक शेवटी म्हणाले, "घेतो तुम्हाला. पण सुरुवातीला आमच्या जुन्या ड्रायव्हरसोबत, वस्तादांसोबत जायचं. आणि एक सांगून ठेवतो, उद्या माझ्यावरच कामगार कोर्टात केस टाकू नका."

मी वीसेक वर्षं दिवाणी दावे चालवले, बहुतेक भावाभावांतल्या जमिनीच्या वाटण्यांचे. एका दुपारी माझा युक्तिवाद चालू असताना न्यायाधीशांनी मला साधा प्रश्न विचारला आणि क्षणभर मला आठवेचना, की मी यातल्या कोणत्या भावाच्या बाजूने उभा आहे. कागद खाली होता, त्यावर बघून मी वेळ निभावून नेली. कोणाच्या लक्षातही आलं नसेल. पण त्यानंतर बोलणंच नकोसं झालं. कॉलेजात असताना सुट्टीत मी मामांचा ट्रक चालवायचो, चांदवडहून मनमाडपर्यंत. ते दिवस आठवायला लागले. आयुष्यात कोणी मला काही न विचारता सोडून दिलेले तेवढेच दिवस होते. म्हणून अवजड वाहनाचं रीतसर शिक्षण घेतलं आणि बायकोला सांगितलं.

ती औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. चिठ्ठी दोनदा वाचल्याशिवाय गोळी देत नाही. ती भांडेल, निदान कारण विचारेल, अशी माझी तयारी होती. ती फक्त "बरं" म्हणाली आणि भाजी चिरायला लागली. ते "बरं" मला तेव्हा सोयीचं वाटलं.

बाकीच्यांनी मात्र आपापलं कारण शोधून काढलं. सासूबाईंना वाटलं, मी अशिलाचे पैसे खाल्ले असणार. सोसायटीत कुजबूज होती की कोणा पुढाऱ्याशी माझं वाजलंय आणि मी लपून राहतोय. हायवेवरच्या हॉटेलांत मी बाजेवर बसलो की ड्रायव्हरांचं बोलणं थांबायचं. एकाने तर तोंडावर विचारलं, "साहेब, तुमच्या मोबाईलमध्ये रेकॉर्डिंग चालूये का?" मी फोन काढून त्याच्या हातात दिला. त्याने तो खरोखर तपासला.

पण मला सगळ्यात जास्त खुपायला लागले ते वस्तादच.

वस्ताद पन्नाशी ओलांडलेले, निफाडकडचे, जाड भिंगाचा चष्मा. गाडीत कमी बोलायचे. लासलगावहून कांदा भरून आम्ही इंदूरकडे निघायचो. धुळ्याच्या अलीकडे पहिला चहा झाला की ते फोन घेऊन ट्रकच्या पलीकडे जायचे. चाकाशेजारी उभं राहून हळू आवाजात बोलायचे आणि बोलताना मान काढून मी कुठे आहे ते बघायचे. मी जवळ गेलो की "ठेवतो" म्हणून फोन बंद. एकदा वाऱ्यासोबत दोन वाक्यं माझ्यापर्यंत आली. "नाय, आज जरा बोलले. हां, जेवले."

मालकांनी माझ्यावर माणूस ठेवलाय, हे मी तिथेच पक्कं केलं. उलटतपासणी घ्यायची सवय लागलेला माणूस मी. मग मला सगळीकडे पुरावे दिसायला लागले. गाडी उभी राहिली की किल्ली वस्तादांच्या खिशात. झोपताना ती त्यांच्या उशाखाली. बिजासन घाटात स्टिअरिंग कधीच माझ्याकडे नाही, सपाट रस्ता आला की मगच. मी लघवीला आडोशाला गेलो तरी दोन मिनिटांत हाक यायची. एकदा मी मुद्दाम म्हणालो, "वस्ताद, मालक फार काळजी करतात वाटतं आपली." ते नुसते "हां" म्हणाले आणि आरशात बघत राहिले.

मग एका खेपेला खलघाट आला. नर्मदेच्या पुलाच्या अलीकडे मागच्या चाकात हवा कमी वाटली म्हणून आम्ही टायरवाल्यापाशी थांबलो. ऊन चांगलंच होतं. वस्ताद टायरवाल्याशी बोलत होते, तेवढ्यात मी चालत पुलावर गेलो. खाली नदी रुंद, मातकट आणि संथ. एक माणूस होडीतून जाळं सोडत होता. मी कठड्यावर दोन्ही हात टेकून त्याच्याकडे बघत होतो.

मागून पावलं धावत आली आणि माझा दंड कोणीतरी गच्च धरला. वस्ताद होते. चष्मा नाकावर घसरलेला, धाप लागलेली.

"चला," ते म्हणाले.

"पाणी बघतोय."

"बघितलं ना? चला."

"हात सोडा आधी."

त्यांनी सोडला नाही. माझा संयम सुटला. इतक्या दिवसांचं साठलेलं बाहेर पडलं. "सांगा तुमच्या मालकांना," मी म्हणालो, "मी काही चोर नाही. पाळत कशाला ठेवायची? काही विचारायचं असेल तर समोर बसून विचारा म्हणावं."

वस्तादांनी चष्मा वर सरकवला. "मालकांना कशाला सांगू? मालक तर माझा फोन पण उचलत नाय."

"मग रोज कोणाला सांगता?"

त्यांनी दंड एका हाताने धरूनच ठेवला आणि दुसऱ्या हाताने फोन पुढे केला. नाव लिहिलं होतं 'वकील वहिनी'. खालचा नंबर माझ्या बायकोचा होता.

टायरवाल्याच्या बाकावर बसून त्यांनी सांगितलं. पहिल्या खेपेला ती मला डबा द्यायला आडगावला आली होती, तेव्हा मी ताडपत्री बांधत होतो. तिने वस्तादांना बाजूला घेऊन नंबर मागितला होता. "वहिनी म्हणल्या, हे कोणाशी बोलत नाहीत, काय मनात हाय कळत नाय. तुम्ही नजर ठेवा." वस्तादांनी चष्मा पुसला. "मला पण तेच वाटलं. काळा कोट उतरवून माणूस या धंद्यात येतो, म्हणजे याला परत घरी जायचं नसंल. म्हणून किल्ली ठेवली जवळ."

इंदूरपर्यंत वस्तादांनीच गाडी चालवली. मला राग आला होता, आणि तो कोणावर काढावा हे ठरत नव्हतं.

घरी आल्यावर मी चहा होईपर्यंतही थांबलो नाही. "तुला वाटलं मी जीव देणार?"

तिने गॅस बारीक केला. "कोर्टात जायच्या आधी तुम्ही आंघोळ करून ओल्या टॉवेलातच पलंगावर बसून राहायचात. हाक मारली तरी उठायचा नाहीत. कितीतरी महिने. आणि एक दिवस म्हणालात, ट्रक चालवतो. मला काय वाटायला हवं होतं?"

"विचारायचंस."

"भीती वाटली. विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात तर?"

मी "नाही" म्हणालो. मग लक्षात आलं, की हेही नको तितकं सरळ उत्तर आहे. म्हणून पुढे सांगितलं, की कोर्टाच्या जिन्यात काही वेळा मनात आलं होतं, इथून आपण नाहीसे झालो तर बरं. गाडीवर गेल्यापासून तसं आलं नव्हतं. पुलावर मी खरंच जाळंच बघत होतो. ती समोर येऊन बसली होती. चहा उतू गेला तेव्हा दोघंही उठलो. त्या आठवड्यात तिच्या आग्रहाने मी डॉक्टरांकडे गेलो, अजूनही जातो.

आता मी स्वतंत्र गाडी चालवतो. वस्ताद दुसऱ्या गाडीवर आहेत, तरी तिचे आणि त्यांचे फोन होतात, आता माझ्यादेखत. मालक अजून माझ्यापुढे कोणत्याच कागदावर सही करत नाहीत.

मध्ये एका सुट्टीच्या दिवशी ती माझ्यासोबत लासलगावला आली. व्यापाऱ्याच्या शेडमधून हमाल गोण्या आणून मागे रचत होते, गाडी थोडी थोडी दबत होती. ती प्रयत्नाने केबिनमध्ये चढली आणि माझ्या सीटवर बसली. कोणतं बटण कशाचं ते विचारून झालं. समोरच्या काचेतून ट्रॅक्टरांची रांग बघत तिने विचारलं, "इथे बसून दिवसभर काय विचार करता?"

"रस्त्याचा. पुढच्या गाडीचा."

तिला ते खरं वाटलं नाही. चिठ्ठीवरचं अक्षर लागलं नाही की ती अशीच बघते.

"आणि रस्ता मोकळा असतो तेव्हा?" तिने विचारलं.

मी तिच्या शेजारच्या सीटवर सरकून बसलो आणि सांगायला लागलो. गाडी भरायला अजून बराच वेळ होता.