आतड्यातलं भरीत

माझं रक्त वर्षभर कमी होत होतं. देवपूरमधल्या प्रत्येक शेजाऱ्याने बीट खायला सांगितलं आणि मी ते खाल्लंही. पण जिना चढलो की दम लागायचा तो लागायचाच. मग जळगावच्या डॉक्टरांनी वरून दुर्बीण घातली, नंतर खालून घातली. दोन्हीकडे सगळं स्वच्छ! मधल्या लहान आतड्यापर्यंत या दुर्बिणी पोचत नाहीत, म्हणाले, तेव्हा कॅमेरा असलेली कॅप्सूल गिळा. ती आतले फोटो काढत जाईल. फक्त आदल्या दिवशी पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही.

आदल्या दिवशी मी मुक्कामाला गेलो बोदवडला, थोरल्या अक्काकडे. थंडीचे दिवस, त्यात शेतात भरीत पार्टी. पऱ्हाटीवर, कापसाच्या वाळक्या काड्यांवर, वांगी भाजली जात असताना उपाशी बसणं हे खानदेशात जवळजवळ पाप आहे. अक्काने चमचाभर चाखायला दिलं. भरीत काही जेवण नव्हे, असं तिचं मत, आणि ते मला लगेच पटलं.

कॅप्सूल गिळल्यावर दोन दिवसांनी डॉक्टरांनी फोटो उघडले. पडदाभर वांग्याच्या बिया, मधूनच मिरचीची साल. ते शांतपणे म्हणाले, "छान झालेलं दिसतंय." मी छताकडे बघत राहिलो. सोबत आलेली अक्का मात्र उभी राहिली.

"साहेब, मीच त्याले खावाडं."

तपासणी आठवड्याने पुन्हा करायची ठरली. या खेपेला अक्का माझ्यावर पहारा ठेवून बसली आणि स्वतःही उपाशी राहिली. यावेळी गाठ दिसली. गाठ कॅन्सरची वाटते, तो इथे क्वचितच होतो, डॉक्टर म्हणाले, आणि आतड्याचा तेवढा भाग काढावा लागेल. मी घाबरलो.

ऑपरेशन झालं. पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला: कॅन्सर पसरलेला नव्हता. मी खुशीत उठायला लागलो, तर अक्काचा प्रश्न बाकीच होता. एक आठवडा वाया गेला, त्याने काही बिघडलं का? डॉक्टर म्हणाले, गाठ फार जुनी होती, आठवड्याने काही फरक पडला नाही. अक्का बाहेर बाकावर जाऊन बसली आणि पदरात तोंड लपवून रडली. एवढे दिवस ती हे घेऊन बसली होती, आणि मी तिला बसू दिलं होतं.

मला लाज वाटली. चमचाभरच तू दिलंस, मी म्हणालो, तू पाहुण्यांना पोचवायला गेलीस तेव्हा दोन वाट्या मीच वाढून घेतल्या.

अक्काने डोळे पुसले.

"माले माहीत व्हतं. पातेलं मीच घासं ना."