झांझिबारला काय पाहिलंत?

तंजावूरला परत आल्यापासून दुकानात येणारा प्रत्येक ओळखीचा हेच विचारतो. मी यादी सांगतो. जुनं दगडी शहर, पितळी खिळ्यांचे कोरीव दरवाजे, मसाल्याच्या बागा, तांबड्या माकडांचं जंगल, बेटावरची कासवं, संध्याकाळी समुद्राकाठी मिळणारा आलं-लिंबू घातलेला उसाचा रस. बायको गल्ल्यामागे बसलेली असते. यादी चालू असताना ती माझ्याकडे बघत नाही. यादीतून मी एक माणूस गाळतो, हे तिला ठाऊक आहे.

मी स्वतः गाइडच होतो. सतराव्या वर्षी मोठ्या देवळाच्या दारात उभा राहून गिऱ्हाईक पकडायचो. शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असं हजार जणांना छातीठोकपणे सांगितलं असेल. सावली पडते. माझ्या पायाशीच पडलेली असायची, पण लोक वर बघत असायचे. त्या कमाईतून आज देवळाजवळ तांब्यावर चांदीचं नक्षीकाम केलेल्या ताटांचं दुकान आहे. कोणी दिलं नाही, मी केलं.

पुण्याकडच्या लोकांवर माझा जुना राग आहे. ते यायचे तेव्हा मी हौसेनं मराठीत बोलायचो. आमची मराठी तीनशे वर्षं इथल्या पाण्यावर वाढलेली, हेल तमिळ. बायका तोंडाला पदर लावायच्या. एक गृहस्थ तर म्हणाले, "अहो, इंग्लिशमध्येच सांगा, ते जास्त कळेल." देवळाच्या आवारात, चार माणसांत. त्या रागातच मी चाळिशीत देवनागरी शिकलो आणि दुकानावर मराठी पाटी लावली. तेव्हापासून पुण्याचा माणूस दिसला की पहिला भाव दीडपट सांगायचो.

आमच्या घरांत एक पद्धत आहे. मंडईत तमिळ भाजीवालीसमोर भाव ठरवायचा तर नवरा-बायको मराठीत बोलतात. दुकानात मराठी गिऱ्हाईक आलं तर आम्ही दोघं तमिळमध्ये बोलतो. समोरचा बघत राहतो आणि आमचं आपसांत ठरून जातं. झांझिबारच्या विमानात तमिळ बोलणारे बरेच दिसले, म्हणून मी बायकोला म्हटलं, "तिकडे मराठीतच बोलू. तिथे कोण बसलंय मराठी जाणणारं?"

पहिल्या सकाळी गाइड हॉटेलच्या दारात आला. तिशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात छत्री. मला बघून हसला आणि काही बोलायला तोंड उघडलं. त्याआधीच मी बायकोला म्हटलं, "शर्ट बघ. हा पण अस्क्या गाइडांसारखा चोर. बघत रहा, तुला दाखवतों." 'अस्के' म्हणजे सगळे, आमच्याकडे तसंच म्हणतात. त्याचं तोंड मिटलं. मग तो इंग्रजीत बोलू लागला.

त्यानं सगळं सरळ सांगून टाकलं. मोठ्या कंपनीतली नोकरी सोडली आहे, हा त्याचा स्वतःचा पहिला हंगाम. इंटरनेटवर त्याच्या पानावर अजून दोनच अभिप्राय आहेत. हंगाम संपेपर्यंत दहा चांगले जमले तर हॉटेलवाला त्याच्याकडे पाहुणे पाठवणार, नाहीतर परत कंपनीच्या गाडीत सामान चढवायला जायचं. मला वाटलं, काय येडा आहे. आपली गरज कधी गिऱ्हाइकाला सांगतात का? मी लगेच ती पकडली. "आम्ही खूश झालो तर लिहू. नाही झालो तरी लिहू." दोन दिवसांचा त्याचा दर त्या एका वाक्यावर मी जवळजवळ निम्म्यावर आणला. तो म्हणाला, "ठीक आहे, सर."

पितळी खिळ्यांच्या दरवाजासमोर त्यानं सांगितलं, की हिंदुस्थानात असे खिळे हत्तींनी धडक देऊ नये म्हणून ठोकायचे म्हणतात, इथे हत्तीच नाहीत, तेव्हा नुसती शोभा. कोरलेल्या एका वेलीचं विचारलं, तर म्हणाला, "मला माहीत नाही." मी बायकोला म्हटलं, "धंद्याचा नाही हा." मी उभ्या जन्मात गिऱ्हाइकाला 'माहीत नाही' म्हटलेलं नाही.

दुपारी तो आम्हाला गुलामांच्या जुन्या बाजाराच्या जागी घेऊन गेला. आता तिथे चर्च आहे. बाजूच्या इमारतीखाली वाकून शिरावं लागतं अशा खोल्या आहेत, दगडी ओटे आणि भिंतीत वर एक फट. तो आत येऊन भिंतीशी उभा राहिला. माझ्या डोक्यात माझाच जुना धंदा. मी म्हटलं, "आतां आवाज बसवील बघ. रडकी गोष्ट सांगून पैसे वाढवायचे. मी पण हेंच करत होतों."

"हळू बोला हो," बायको म्हणाली. "कसल्या जागेत आहोंत आपण."

"त्याला काय कळतंय?"

तो बोलला. आवाज साधाच होता. इथे किती माणसं कोंडत होते ते नक्की कोणाला माहीत नाही, म्हणाला, आणि या खोल्या त्याच कामाच्या होत्या का, यावरही वाद आहे. पण बाजार इथेच भरायचा. मग तो आधी बाहेर गेला आणि उन्हात छत्री उघडून बायकोची वाट बघत थांबला.

दुसऱ्या दिवशी लाकडी होडीतून कासवांच्या बेटावर गेलो. माणसाला पाठीवर घेतील एवढी कासवं, पालेभाजी हातातून खातात. बायको लहान मुलीसारखी हसत होती. परत चढताना लाट आली, होडी बाजूला गेली, आणि तिचा एक पाय होडीत, एक पाण्यात. मी नुसता ओरडलो. त्यानं कंबरभर पाण्यात उडी मारली आणि तिचा दंड धरला.

"काकू, घाबरू नका. माझ्या खांद्यावर हात ठेवा. आता पाय उचला. हां, बसा हळूच."

स्वच्छ मराठी. पुण्याची. जी येत नाही म्हणून लोक माझ्यावर हसले होते, ती.

होडी सुटली. बायकोनंच विचारलं, "कुठें शिकलास बाबा?"

"पुण्यात, काकू. तीन वर्षं कॉलेजला होतो. खोलीच्या मालकीणबाईंना इंग्लिश येत नव्हतं."

"आणि आमचं कळलं का रे?"

"अर्धं. तुमची मराठी वेगळी आहे. छान आहे, गाण्यासारखी." तो ओला शर्ट पिळत होता. "चोर कळलं."

मी म्हटलं, "मग पहिल्यांदाच का नाही सांगितलंस?" माझा आवाज चढलेला होता, ते मला आजही ऐकू येतं. जणू चूक त्याची.

"सांगणारच होतो, काका. दारात 'नमस्कार' म्हणायला तोंड उघडलं होतं. तुम्ही आधी बोललात. मग म्हटलं, आता सांगितलं तर तुम्हाला दोन दिवस अवघड होईल." मग म्हणाला, "सवय आहे. पुण्यात बसमध्ये पण लोक असंच बोलायचे, मला कळत नाही समजून."

धक्क्यावर उतरल्यावर मी खिशात हात घातला आणि त्यानं पहिल्यांदा सांगितलेला पूर्ण दर पुढे केला. त्यानं ठरलेले तेवढे घेतले, बाकीचे परत माझ्या हातात ठेवले. मला दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणून मी पुन्हा पुढे केले. घासाघीसच ती, फक्त उलटी. "राहू द्या, काका," तो म्हणाला. "जमलं तर लिहा."

माफ कर, हे दोन शब्द मी तिथे म्हटलेच नाहीत.

तंजावूरला आल्यावर चार दिवस लिहायला बसलो आणि उठलो. शेवटी त्याच्या पानावर पाच तारे दिले आणि मराठीत लिहिलं, देवनागरीत: मी या माणसाला त्याच्या तोंडावर चोर म्हणालो. तो चोर नाही. मी पाहिलेल्या गाइडांत हा सगळ्यात खरा. मोकळं वाटलं. बायकोला वाचून दाखवलं, तिनंही मान हलवली.

दोन दिवसांनी त्याचा निरोप आला, इंग्रजी अक्षरांत मराठी. "काका, खूप आभार. एक विनंती. त्या साइटवर भाषांतर आपोआप होतं. लोक पूर्ण वाचत नाहीत, चोर शब्द तेवढा बघतात. काल एक कुटुंब येणार होतं, त्यांनी विचारलं हे काय आहे. ते वाक्य काढाल का? बाकी राहू द्या."

मी निरोप बायकोला वाचून दाखवला. माफी मागतानाही मी माझंच ओझं उतरवत होतो आणि ते त्याच्या दारात नेऊन ठेवलं होतं. बायको म्हणाली, "काढा हो लौकर. तुमच्या लाजेचा भार त्याला कशाला?"

वाक्य काढलं. आता तिथे एवढंच आहे: उत्तम गाइड, माहिती खरी, होडीत चढताना काळजी घेतो. वाचणाऱ्याला माझ्याबद्दल काहीच कळत नाही.

काल पुण्याचं एक तरुण जोडपं दुकानात आलं. बायको सवयीनं माझ्याकडे बघून तमिळमध्ये विचारायला लागली, "किती सांगू?" मी त्यांच्यासमोर मराठीत म्हटलं, "आहे तो भाव सांग." आमचा हेल ऐकून त्यांतली मुलगी हसली. मान खाली घालून मी ताट कागदात गुंडाळत राहिलो.

जाताना तिनं भिंतीवरचा, खाली नाव लिहिलेला बेटाचा फोटो पाहिला. "झांझिबार? काय काय पाहिलंत?"

मी कासवं सांगितली.