आबांचा खात्रीचा कागद

धरणगावात कुणाचा व्हिसा आला की घरचे पेढे वाटत. आबा पेढा हातात धरून ठेवत आणि आधी विचारत, "उतरीसन पुढे कसा जाशी?" उतरल्यावर पुढे जायचं कसं, याचं धड उत्तर मिळेपर्यंत पेढा तोंडात जात नसे.

आबा चाळीसगाव स्टेशनच्या चौकशीच्या खिडकीवरून निवृत्त झालेले. स्वतः कधी विमानात बसले नाहीत. पण ऐंशीनंतर आमच्याकडची पोरं आखातात जाऊ लागली, तसे ते सुट्टीवर आलेल्या प्रत्येकाला गाठायचे. बाहेर पडायचं दार कोणत्या बाजूला, बस कुठे थांबते, कितव्या थांब्यावर उतरायचं, सगळं विचारून घ्यायचे. मग नव्याने निघणाऱ्यासाठी फुलस्केप कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून काढायचे. एजंटाच्या शब्दावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "विमान उतारी दी. पुढे कोण ली जाई?" म्हणायचे. ज्या माहितीची कुणी प्रत्यक्ष खात्री केली नसेल, तिच्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढायचे.

मी वायरमन म्हणून दुबईला निघालो, तेव्हा मलाही कागद मिळाला. बसथांब्यापुढे प्रश्नचिन्ह होतं. "पाहून ये आणि मला सांग," आबा म्हणाले. तिकडे विमानतळावर कंपनीची गाडी आली होती. कागद मी उघडलाही नाही.

दोन वर्षांनी सुट्टीवर आलो, तर दुसऱ्याच दिवशी आबा त्या कागदाची स्वतःजवळ ठेवलेली प्रत घेऊन दारात. "थांबा डाव्या हातालाच ना रे?"

म्हाताऱ्या माणसाला कशाला नाराज करा, म्हणून मी म्हणालो, "हो आबा, अगदी तुम्ही लिहिलंत तसंच."

त्यांचा चेहरा असा फुलला, की मला माझ्याच चांगुलपणाचं कौतुक वाटलं. खोडरबर मागून घेऊन त्यांनी तिथल्या तिथे प्रश्नचिन्ह पुसलं.

पुढच्या वर्षी त्या प्रतीवरून उतरवलेला कागद सलीमने नेला. सलीम आमच्या गल्लीतल्या टेलरचा मुलगा, स्वतःही उत्तम शिवायचा. त्याला घ्यायला गाडी येणार नव्हती. डाव्या हाताला थांबा नव्हताच. भर दुपारी तो तिथे तासभर बसची वाट पाहत उभा राहिला. "आबांचा कागद म्हणून मी कुणाला विचारलंच नाही," असं त्याने नंतर सांगितलं. शेवटी एका गाडीवाल्याने कामगारांच्या कॅम्पवर सोडतो म्हणून बसवून घेतलं, आणि लांब वाळवंटातल्या कुठल्याशा शेतावर नेऊन पासपोर्ट काढून घेतला. तीन वर्षं पत्र नाही. परत आला तेव्हा उजव्या हाताची तीन बोटं यंत्रात गेली होती.

मी तेव्हा गावातच होतो. आबा मला सोबत घेऊन त्याच्या घरी गेले. ओट्यावर सलीमची आई बसली होती. आबांनी तिच्यापुढे हात जोडले.

"मना कागद चुकना, बहीन."

"आबा, आत या. पाणी तर प्या," ती म्हणाली.

आबा आत गेले नाहीत. मी शेजारी उभा होतो. त्यांचं कोपर धरून मी त्यांना परत आणलं. वाटेत ते एवढंच म्हणाले, "तू तर बरोबर पोचला होतास. मग सलीमसाठी उतरवून काढतानाच माझ्या हातून चूक झाली."

त्यानंतर त्यांनी कुणालाही काही लिहून दिलं नाही. वर्षभरात गेले.

आबांच्या कागदापायी सलीमचा हात गेला, असं गावात अजून कुणी ना कुणी बोलतं. मी ऐकून घेतो आणि विषय बदलतो.