दोन-सहाचा हात

अण्णा आत्ता पलीकडच्या खोलीत पेपर वाचतायत. मी मनातल्या मनात बोलतेय, तरी दार लोटून घेतलंय — यावरूनच काय ते समजा. चार वर्षं झाली. नवऱ्याला सांगितलं नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा इकडचं-तिकडचं मागून उठते, ह्या विषयाला हात घालत नाही.

अण्णा म्हणजे माझे सासरे. आम्ही कासार. राहायला डोंबिवलीत, पण बांगड्यांचं दुकान कल्याणच्या बाजारात, अण्णांच्या वडिलांनी काढलेलं. अण्णा विशीपासून तिथे बसले. बाई दुकानाची पायरी चढतानाच त्यांना तिच्या हाताचं माप कळायचं. विचारायचे नाहीत. समोर बसली की हात हातात घ्यायचे, अंगठा आत दुमडायचे, आणि ती नवऱ्याच्या बदलीचं काहीबाही सांगत असतानाच बारा बांगड्या चढलेल्या असायच्या. माल कधी मापांत मिसळलेला आला तर बोटांवरून सरकवत ते डबे वेगळे करत. माप घ्यायचा लोखंडी दांडा दुकानात होता, पण तो आम्हा बाकीच्यांसाठी.

आणि मी? मी वर्तकनगरला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर होते, सोळा वर्षं. मग नोकरी सोडली, असं सांगते सगळ्यांना. खरं म्हणजे मला काढलं. बघा, एक कबूल करायला बसले तर दुसरंच आधी निघालं.

घरी बसून महिनाभरात मी चिडचिडी झाले. तेव्हा ठरवलं, दुकान ऑनलाइन करायचं. वेबसाइट मी करीन, फोटो मी काढीन, पार्सलं मी भरीन. नवरा हो म्हणाला. माझ्या चिडचिडीपेक्षा काहीही परवडलं असतं त्याला. अण्णा मात्र गिऱ्हाइकांसमोरच म्हणाले, की हात हातात घेतल्याशिवाय बांगडी द्यायची म्हणजे न बघता चष्म्याचा नंबर काढण्यासारखं आहे. बायका हसल्या. मीही हसले. पण ते मला असं लागलं, की सांगता येत नाही. एवढ्याशा बोलण्याचा राग माणूस किती दिवस धरून ठेवतो? मी धरला.

साइटवर मापांचा तक्ता लागतो. घरातल्या जुन्या बांगडीचा आतला व्यास मोजा, तक्त्यात बघा, माप निवडा. मापं मला पाठ होती — दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. अख्खं आयुष्य ‘दोन-सहा द्या’ म्हणत बांगड्या भरल्यात मी. पण दोन-चार म्हणजे नक्की किती, हे कधी मनात आलं नव्हतं. मी आपलं दोन पॉइंट चार इंच धरलं, मिलिमीटर काढले, तक्ता लावून मोकळी झाले. अण्णांना विचारायला काय झालं होतं? पाच पावलांवर बसलेले होते ते. नाही विचारलं. त्यांना तेवढं एक विचारायचंच नव्हतं मला.

इंचाचे सोळा भाग करतात आमच्या धंद्यात, जुन्या आण्यांसारखे. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि चार आणे — सव्वादोन. माझा आकडा त्याहून मोठा. म्हणजे दोन-सहाच्या हाताची बाई माझ्या तक्त्याप्रमाणे दोन-चार निवडत होती, आणि प्रत्येकीला निदान एक माप लहान बांगडी जात होती.

सुरुवातीला दोन-तीन जणींनी कळवलं, घट्ट होतात. मी उत्तर दिलं, काचेच्या बांगड्या अशाच असतात, हाताला साबण लावा. मला वाटत होतं, बायकांना मोजताच येत नाही.

मग कळव्याच्या एका मुलीने लग्नाचा हिरवा चुडा मागवला. चुडा भरायच्या दिवशी सकाळी तिच्या आईचा दुकानात फोन आला, तो नेमका अण्णांनी उचलला. बांगड्या हातावर चढत नव्हत्या. जोर केला तेव्हा तीन फुटल्या आणि मुलीच्या हाताला काच लागली. चुड्याची बांगडी फुटणं म्हणजे काय, हे मी कासाराच्या घरात तरी सांगायला नको. अण्णा पेटी घेऊन तसेच निघाले. स्वतः जाऊन त्या मुलीचा हात पुसला, चुडा भरला, तिच्या आईची माफी मागितली. उरलेल्या बांगड्या घेऊन दुपारी परत आले.

मधल्या वेळात मी काय केलं होतं ते ऐका. ती ऑर्डर उघडली होती. मुलीने दोन-चार मागितलं होतं, आणि आम्ही दोन-चारच पाठवलं होतं. मग मी डब्यातली एक दोन-चार काढून पट्टीवर ठेवली. सव्वादोन इंच. हातच्या काकणाला आरसा कशाला? माझा तक्ता चुकला होता. पहिल्या दिवसापासून.

अण्णा माझ्यासमोर बसले. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, “दोन-सहाचा हात आहे गं त्या पोरीचा. लांबून कळतंय. ह्या तर दोन-चार आहेत. त्यांनी मागितलं काय होतं?”

नवरा शेजारीच उभा होता.

मी म्हटलं, “दोन-सहाच मागितलं होतं, अण्णा.”

एवढंच. तीन-चार शब्द. एवढ्याने माणूस मोडतो का? त्यांनी उजवा हात उलटसुलट करून बघितला. “म्हणजे दोन-सहाच्या डब्यात मीच दोन-चार टाकल्या,” असं म्हणाले. मी होकाराची मान हलवली. ते हात धुवायला गेले तेवढ्यात मी कॉम्प्युटरवर त्या ऑर्डरमधलं माप बदललं. नंतर तक्ता नीट केला. कुणाला पत्ता लागला नाही.

आता सांगतेच आहे तर पूर्ण सांगते. ते हाताकडे बघत होते तेव्हा मला बरं वाटलं. क्षणभर का होईना — बरं वाटलं.

त्या दुपारी अण्णांनी दोन-सहाचे सगळे डबे खाली काढले आणि एकेक बांगडी दांड्यावर घालून तपासली. एकही चुकीची निघाली नाही. निघणार कुठून? मला वाटलं, आता त्यांना संशय येईल. तसं झालं नाही. उलट ते जास्तच घाबरले. चूक सापडली असती तर ती दुरुस्त करून मोकळे झाले असते, ही सापडेचना. हाताला कधी कळतं, कधी कळत नाही, असं त्यांनी धरलं. नवरा म्हणाला, अण्णांचं वय झालं. मी मूग गिळून बसले.

हळूहळू ते बायकांना माप विचारायला लागले. नेहमीच्या बायकांना ती थट्टा वाटायची. मग प्रत्येक बांगडी आधी दांड्यावर, मग हातावर. मग भरता भरता मध्येच थांबायचे, दुखतंय का विचारायचे. श्रावणात दुकानात गर्दी उसळली होती आणि अण्णा आत जाऊन बसले होते. दिवाळीपासून आम्ही बांगड्या भरायला माणूस ठेवला. अण्णा घरी राहिले, ते राहिलेच.

साइट उत्तम चालते. नातेवाईक माझं कौतुक करतात, आणि मी ते ऐकून घेते.

गेल्या माघात माझ्या मुलीचं, ऋताचं लग्न झालं. चुडा घरीच भरायचा होता. बायकांनी खोली भरली होती. ऋता पाटावरून उठली, आजोबांपुढे जाऊन बसली आणि दोन्ही हात त्यांच्यासमोर धरले. लहानपणी प्रत्येक सणाला धरायची तसे. म्हणाली, “अण्णा, तुम्हीच भरायचा.”

अण्णांनी तिचे हात हातात घेतले. अंगठा दुमडून बघितला. त्यांचे ओठ हलले — माप म्हणाले असणार. मग हात सोडून दिले.

“नको बाळा. माझ्या हाताचा भरवसा नाही आता. तुझ्या आईला कळतं माप. तिच्याकडून भरून घे.”

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. हिरव्या बांगड्यांचं तबक माझ्याच मांडीवर होतं. अण्णा समोर, नवरा दारात, ऋता मध्ये. एक वाक्य बोलायचं होतं मला. त्यासाठी ह्याहून बरी वेळ आयुष्यात येणार नव्हती, हे मला त्या क्षणी स्वच्छ कळत होतं.

मी म्हटलं, “ये गं, दे हात.”

आणि भरल्या. एकही फुटली नाही.