जू माझं, नांगर त्याचा

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये हल्ली समाधानाचे वर्ग भरतात. डोळे मिटायचे आणि कुणाचे तरी उपकार आठवायचे. मी एकदाच गेलो. मला माणूस कुणी आठवेना, बैल आठवला.

ही इमारत उभी आहे तिथे पूर्वी आमची भातखाचरं होती. इथेच, मांजर्ली गावात, धाकट्या भावाशी वाटणी झाली, तेव्हा पंच म्हणाले, "बैलजोडी एकाने ठेवा, दुसऱ्याने म्हैस घ्या."

मी म्हणालो, "समान म्हणजे समान." मी शाळेत तिसरीपर्यंत गेलेलो, अर्धं करायला तेवढं पुरतं. तांबडा बैल मला, बांडा त्याला. जू मला, नांगर त्याला. पंचांनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, माझी हुशारी बघून लावला.

मग भावाचं-माझं बोलणं बंद.

आषाढात लावणीची वेळ आली. भाताची रोपं हातभर झाली, पिवळी पडायला लागली. चिखल करायला जोडी हवी. बायको म्हणाली, "तांबड्याच्या जोडीला तुम्हीच लागा की. खांदा तसाच आहे, डोकंही."

अंबरनाथकडच्या एकाचा नांगर-बैल मागून आणला. परका बैल शेजारी बघून तांबड्याने चिखलात बसकण मारली ती मारलीच. पलीकडच्या नव्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत उभे. एक जण ओरडला, "काका, धक्का मारून बघा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात तुटलेलं दावं. शोधत गेलो तर तांबडा भावाच्या खाचरात बांड्याला चिकटून उभा. हा डावीकडे, तो उजवीकडे, कायमच्या जागेवर. बांडा त्याची मान चाटत होता आणि हा डोळे मिटून कान हलवत होता. पोटात ओला पेंढा, मानेला सोबत्याची जीभ, एवढ्यावर खूश. वाटणीत ह्यांना विचारलं असतं तर पंच लवकर घरी गेले असते.

भाऊ बांधावर आला. त्याचीही रोपं पिवळी. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तांबड्या, ज्याच्याकडे जू आहे त्याला सांग, घेऊन ये म्हणावं."

मी म्हणालो, "बांड्या, मोठ्या भावाशी असं बोलतात का, विचार."

"तांबड्या, मोठा कोण रे? इथे तर तूच मोठा दिसतोस."

मी पाठ फिरवली. तेवढ्यात तांबड्याने माझ्या हाताला मान लावली आणि खाली वाकवून तसाच उभा राहिला. जू मागत होता! वर्षानुवर्षं ओढून मानेला घट्टे पडलेले आणि पुन्हा तेच मागतोय. का, तर त्याशिवाय बांडा शेजारी येत नाही. माझ्या मानेला घट्टा सोडा, सुरकुतीही नव्हती, पण ती वाकत नव्हती.

गेलो आणि जू आणलं.

बैल त्याच्या खाचरात होते म्हणून आधी त्याचं खाचर. हे मला अजून पटलेलं नाही. दुपारनंतर माझं. दिवस मावळायच्या आत दोन्हीकडे चिखल तयार.

बैल सोडल्यावर भावाने तंबाखू मळली, निम्मी तळहातावर ठेवून हात पुढे केला. बघत मात्र बैलाकडे होता.

"तांबड्या, दे त्याला."

मी घेतली, दाढेखाली धरली.

"बांड्या," मी म्हणालो, "सांग त्याला, चुना जास्त झालाय."