चिंचेनं घासलेली नावं

अख्ख्या साउथ ऑकलंडमध्ये मेलेल्या माणसांशी सर्वांत जास्त ओळखी कुणाच्या असतील, तर त्या माझ्या बायकोच्या मैत्रिणीच्या सासूबाईंच्या. जिवंत माणसांत त्यांचा गोतावळा तसा बेताचाच. मुलगा मोटरवे तुंबायच्या आत घर सोडतो, सून हॉस्पिटलात नर्स असल्यामुळे कधी दिवसा झोपलेली तर कधी रात्री गायब, आणि नात सगळं मराठी समजून घेऊन इंग्रजीत उत्तर देते, तेही बहुतेक वेळा ‘येस आज्जी’ एवढंच. टाकानिनीतल्या त्या नव्याकोऱ्या घरात खोल्या भरपूर आहेत आणि दिवसभर त्या सगळ्या खोल्यांत मिळून माणूस एक, म्हणजे या बाई. त्यांचे यजमान फौजेत हवालदार होते. बाई त्यांचा उल्लेख नेहमी ‘हवालदार’ असाच करतात, म्हणून आम्ही इथली सगळी मराठी मंडळी त्यांना हवालदारीणकाकू म्हणतो. त्यांना ते आवडतं. नुसतं ‘काकू’ म्हटलं तर बढती काढून घेतल्यासारखा त्यांचा चेहरा होतो.

काकू साताऱ्याकडच्या. इंग्रजी येत नाही याची त्यांना कधीच अडचण झाली नाही, झाली असेल तर इंग्रजांना. इथल्या माओरी नमस्काराचे ‘किया ओरा’ एवढे दोन शब्द त्यांनी इथे आल्यावर उचलले आणि त्याला आपल्याकडचा आदरार्थी ‘हो’ जोडला. बसचा ड्रायव्हर असो की डॉक्टर, ‘किया ओरा हो!’ म्हणून त्या जे सुरू होतात ते थेट साताऱ्यालाच उतरतात. कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्या, म्हणजे इथल्या भाषेत किराणा दुकानवाल्या, चिनी माणसाला त्यांनी मलूल कोथिंबिरीवरून असं काही झापलं की तो बिचारा आता ताजी जुडी आली की काउंटरखाली दडवून ठेवतो आणि काकू दिसल्या की गुपचूप पुढे करतो. शिस्त तर विचारू नका. हवालदार गेले, पण त्यांची परेड काकूंनी बंद पडू दिली नाही. त्यांच्या दारात चपला एका रेषेत, तोंडं बाहेरच्या बाजूला. गणपतीला घरी पाहुण्यांची झुंबड उडाली तेव्हा काकूंनी दाराबाहेरचा जॅन्डल्सचा, म्हणजे इथल्या रबरी चपलांचा, ढिगारा पाहिला आणि त्यांना राहवेना. आरती संपेपर्यंत त्यांनी सगळ्या जोड्या मापाप्रमाणे लावल्या, लहानापासून मोठ्यापर्यंत. कुणाची जोडी कुणाची हा प्रश्न त्यांच्या दृष्टीनं गौण होता. त्या दिवशी मी घरी गेलो तो कुणातरी आयटीवाल्याचे जॅन्डल्स घालून, आणि माझे अजून परत आलेले नाहीत.

कब्रस्तानाची त्यांची ओळख झाली ती बाग समजून. हिरवंगार लॉन, झाडं, बाकं आणि बसायला कोणी नाही. बागच वाटणार. तिथे एका बाजूला गवतात बसवलेल्या काशाच्या पाट्या ओळीनं दिसल्या. सगळ्या एकाच मापाच्या, एकाच अंतरावर. काकूंनी लांबूनच ओळखलं. “ही फौजेची माणसं हायेत,” असं त्यांनी मला सांगितलं, आणि ते खरं निघालं. मी त्या दिवशी गाडी घेऊन त्यांना आणायला गेलो होतो, म्हणून दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं. तिथली देखभाल करणारा सामोअन गृहस्थ, अंगानं दरवाजाएवढा आणि आवाजानं मांजराएवढा, त्यानं समजावून सांगितलं की ज्यांनी युद्धात सेवा केली त्यांच्या कुटुंबाला ही पाटी सरकार देतं.

“लढाईत मेला त्यालाच ना?” काकूंनी विचारलं.

नाही, तो म्हणाला, परत आलेल्यालाही. घरी येऊन, संसार करून, नव्वदीत गेलेल्यालासुद्धा.

“म्हातारं हून, अंथरुणात मेला तरी?” काकूंचा विश्वास बसेना. त्यांनी मला हा प्रश्न पुन्हा विचारायला लावला. त्यानं पुन्हा हो म्हटल्यावर त्या बाकावर जाऊन बसल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि हे काकूंच्या बाबतीत इतकं अघटित होतं की मी घाबरून पाण्याची बाटली शोधायला लागलो. मग म्हणाल्या, “आमच्या गावात बी दगड हाय. शाळेपाशी. पर त्यावर लढाईत गेलेल्यांचीच नावं. आमचं हवालदार दोनदा जाऊन दोनदा परत आलं, आन् मग दम्यानं गेलं. जिता परत आलं ह्यो काय त्यांचा गुन्हा झाला का, भाऊ?”



तेव्हापासून दर शनिवारी काकूंना तिथे सोडणं माझ्या गळ्यात पडलं. शनिवार हा देवानं झोपण्यासाठी निर्माण केलेला दिवस आहे असं मी मानतो, त्यामुळे सुरुवातीला मी पुष्कळ कुरकुर केली. सोडून मी भाजी आणायला जायचो आणि परत येईपर्यंत काकू पाटीपाटीशी गप्पा मारत असायच्या. वाचता येत नाही म्हणून माझ्याकडून एकेक नाव वाचून घ्यायच्या आणि पाठ करायच्या, आपल्या पद्धतीनं. विल्यमचा विलासराव झाला, आर्थरचा अर्थरबाबा. अर्थरबाबांच्या पाटीवर खालचा अर्धा भाग कोरा आहे, तो बायकोच्या नावासाठी, हे कळल्यावर त्यांनी त्या बाईची प्रकृती विचारायला सुरुवात केली. मला काय माहीत? पण काकूंना काहीतरी सांगावंच लागतं, म्हणून मी ‘बरी आहे’ म्हणायचो.

एका शनिवारी मी भाजी घेऊन परतलो तर उन्हात पहिली रांगच्या रांग झगमगत होती. देवघरातली ताम्हनं कुणीतरी गवतावर वाळत घातल्यासारखी. काकू गुडघ्यांवर बसून दुसऱ्या रांगेला भिडल्या होत्या, शेजारी डब्यात भिजवलेली चिंच आणि मीठ. “किती काळी पडली व्हती बघा! सरकारचं असंच असतंय, इथलं काय आन् तिथलं काय. दिल्यावर कोण बघतंय घासली का न्हाई!” मी जवळ जाऊन पाहिलं. पाट्यांची गडद तपकिरी पार्श्वभूमी ही मळ नव्हती. अक्षरं उठून दिसावीत म्हणून ती मुद्दाम तशी केलेली असते. काकूंनी ती निगुतीनं खरवडून काढली होती. आता पाटी सोन्यासारखी चमकत होती आणि नाव मात्र शोधावं लागत होतं.

सामोअन गृहस्थ आला, पाहिलं, डोक्याला हात लावला. “आन्टी, दे आर मेंट टू बी ब्राउन,” तो जमेल तितक्या हळू म्हणाला. मी भाषांतर केलं. काकूंचा चेहरा खाडकन उतरला. आपल्याला आता इथे येऊ देणार नाहीत, एवढंच त्यांना कळलं. त्यांनी चिंचेचा डबा बंद केला आणि पदरानं हात पुसत उभ्या राहिल्या. तो भला माणूस मात्र हसायला लागला. म्हणाला, मघाशीच एकजण वडिलांना फुलं ठेवून गेला आणि जाताना ‘नवीन पाटी बसवल्याबद्दल’ त्याचे आभार मानून गेला. मग शेडमधून त्यानं एक मऊ ब्रश आणि बादली आणून काकूंच्या हातात दिली आणि बजावलं, फक्त पाणी. रंग तो परत भरून घेणार होता. काकू गाडीत बसल्यावर रडल्या. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, कारण काकूंना रडताना पाहायची मला सवय नव्हती.

त्याच दिवशी गाडीत त्यांनी मनातलं सांगितलं. “भाऊ, हवालदारांची एक पाटी मागून बघा की. त्यांना किस्नेत सोडलं, ते गेलं वाहून. घर दिरानं घेतलं. मी आता इथंच मरणार. मग मला सांगा, मी त्यांना भेटाया जायाचं कुटं?” मिळणार नाही हे मला माहीत होतं. ते मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं, पण माझी जीभ रेटेना. म्हटलं, विचारून बघू.

पाट्या देणारं सरकारी खातं शनिवारी बंद, म्हणून मी मधल्या वारी रजा टाकली. काकू ठेवणीतलं इरकल नेसून आल्या होत्या. गाडी कब्रस्तानाच्या फाटकाशी लावून मी फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून एका तरुण मुलीचा आवाज आला, “किया ओरा.” काकूंनी लगेच “किया ओरा हो!” केलं. मुलीनं पहिलंच विचारलं, दिवंगताचं नाव काय?

आणि माझ्या लक्षात आलं की मला ते माहीतच नाही. मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान खाली घातली. लग्न झाल्यापासून त्यांनी ते नाव साध्या बोलण्यात कधी उच्चारलं नव्हतं. नवऱ्याचं नाव बाईनं असं उघड घ्यायचं नसतं. “मुलाला फोन करून विचारू का?” मी म्हटलं. त्यांनी हातानं थांबवलं. डोक्यावरून पदर घेतला, घसा साफ केला आणि फोनकडे तोंड करून, लाजत, पण खणखणीत आवाजात उखाणा घेतला:

“सीमेवरच्या पहाऱ्याला बर्फाची रास,
ज्ञानदेवरावांचं नाव घेते, सरकारसाठी खास.”

पलीकडून “सॉरी, कुड यू रिपीट दॅट?” मी सांगितलं की नाव दुसऱ्या ओळीत आहे. स्पेलिंग दिलं. कुठल्या सैन्यात होते तेही सांगितलं. मुलीचा आवाज एकदम मऊ झाला. ते या देशाच्या सैन्यात नव्हते, त्यांची रक्षाही इथे नाही, त्यामुळे देता येणार नाही, तिला फार वाईट वाटतं, असं ती दोनतीन प्रकारे म्हणाली. खरंच वाटत असावं.

“काय म्हनली?”

“नाही म्हणाली, काकू.”

“पर नाव लिवून घेतलं ना तिनं?”

मी विचारलं. हो, मुलगी म्हणाली, समोर कागदावर लिहिलंय. आणि तिनं ते वाचून दाखवलं, “न्यान्देव.” काकूंनी फोनवर वाकून दुरुस्त केलं, “ज्ञान-देव.” तिनं पुन्हा म्हटलं. या वेळी जवळपास बरोबर आलं. काकूंनी समाधानानं मान डोलावली, जणू ती मुलगी त्यांना पाहू शकत होती. मग तिनं निरोप घेतला आणि फोन बंद झाला.

घरी जाताना त्या पुढे बघत पुटपुटत होत्या. मी कान दिला. “ज्ञानदेव. ज्ञानदेवराव.” नवीन कवळी बसवल्यावर माणूस जीभ फिरवून बघतो तसं. माझ्याकडे लक्ष गेल्यावर ओशाळल्या आणि म्हणाल्या, “आता घेतलंच हाय तर घेत जाईन, भाऊ. इथं माझ्याबिगर त्यांचं नाव घेणार तरी कोण?”

हल्ली गाडीत बसल्यावर त्या मध्येच, काही संबंध नसताना सांगतात, “ज्ञानदेवरावांना वांगं आवडायचं न्हाई.” किंवा, “ज्ञानदेवराव पावा झकास वाजवायचं.” मुलाला हे ऐकायला वेळ नाही, आणि नातीला सांगायचं तर पावा म्हणजे काय इथपासून सुरुवात. मी कधी त्यांना पाहिलेलं नाही आणि आता पाहणंही नाही. सिग्नलला गाडी थांबवून मी तेवढं “हो का?” म्हणतो, आणि त्या पुढचं सांगायला लागतात.